वजनकाटा, जीपीएस आणि संगणक: बॉड रेट जुळवायचा कसा

वजनकाट्याच्या इंडिकेटरवर, म्हणजे वजन दाखवणाऱ्या डब्यावर, लाल अक्षरांत २४५६० स्पष्ट दिसतंय आणि शेजारच्या संगणकावर त्याच जागी चौकटी, तिरपी चिन्हं आणि मध्येच एखादा ओळखीचा आकडा. चिऱ्याचा ट्रक काट्यावर उभा, ड्रायव्हर पावतीसाठी खिडकीशी. अशा वेळी बहुतेक जण आधी केबल हलवतात, मग संगणक बंद-चालू करतात आणि शेवटी कोणाला तरी फोन लावतात. पडद्यावर काहीच न दिसणं आणि कचरा दिसणं यांत मोठा फरक आहे. काहीच दिसत नसेल तर तार तपासा. कचरा दिसत असेल तर तार बहुधा ठीक आहे, दोन यंत्रांचा वेग जुळत नाही.

हा वेग म्हणजे बॉड रेट, तारेवरून सेकंदाला किती बिटं (शून्य किंवा एक) जातात तो आकडा. फ्रेंच तारयंत्र अभियंता एमिल बोदो याच्या नावावरून या एककाला नाव पडलं. काट्याचा इंडिकेटर, ट्रॉलरवरचा जीपीएस, बर्फाच्या कारखान्यातले तापमानाचे कंट्रोलर ही सगळी यंत्रं अजून सिरियल तारेवरूनच संगणकाशी बोलतात. लॅपटॉपला नऊ पिनांचा पोर्ट उरला नाही, मध्ये यूएसबी कन्व्हर्टर आला, एवढाच बदल. तारेवरचा व्यवहार तोच आहे.

दोन घड्याळांचा मेळ

सिरियल जोडणीत घड्याळासाठी वेगळी तार नसते. पाठवणारं यंत्र एका अक्षरासाठी आधी एक स्टार्ट बिट, मग आठ डेटा बिट आणि शेवटी एक स्टॉप बिट अशी दहा बिटं एकामागून एक सोडतं. ऐकणारं यंत्र स्टार्ट बिटची कड पकडतं आणि तिथून स्वतःच्या घड्याळाने मोजत प्रत्येक बिटच्या मधोमध डोकावतं. ९६०० बॉडला एक बिट १०४ मायक्रोसेकंद टिकतं, २४०० ला ४१७. मोजणी दहा बिटांत अर्ध्या बिटाने सरकली की शेजारचंच बिट वाचलं जातं. म्हणजे दोन्ही बाजूंची मिळून चूक साधारण ५ टक्क्यांच्या आत हवी. प्रत्येक बाजू २ टक्क्यांच्या आत असली की निर्धास्त राहता येतं.

जुन्या इंडिकेटरच्या बोर्डावर ११.०५९२ मेगाहर्ट्झ असा विचित्र आकडा छापलेला क्रिस्टल, म्हणजे चिपच्या घड्याळाला ठेका देणारा भाग, दिसतो, त्याचं कारण हेच. ८०५१ जातीच्या चिपमध्ये त्याला १२, मग ३२ आणि मग ३ ने भागलं की बरोबर ९६०० उरतात. दुरुस्तीच्या वेळी हाताशी होता म्हणून कोणी त्या जागी १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला, तर वेग १०,४१७ होतो. चूक साडेआठ टक्क्यांची. इंडिकेटरवर वजन अगदी बरोबर दिसत राहतं, पण मेनूत कुठलाही बॉड रेट निवडला तरी संगणकाला कचराच मिळतो. दुरुस्तीनंतर लगेच ही तक्रार सुरू झाली असेल तर आधी क्रिस्टलवरचा आकडा वाचावा.

वेग किती हवा, हे आधी मोजा

जास्त वेग म्हणजे चांगला, हा समज काट्यावर तरी सोडून द्यावा. हिशेब सोपा आहे. दहा बिटांचं एक अक्षर, म्हणून बॉड रेटला दहाने भागलं की सेकंदाला किती अक्षरं जातात ते कळतं. इंडिकेटर एका वजनासाठी साधारण १२ अक्षरं पाठवत असेल तर २४०० बॉडला सेकंदाला २४० अक्षरं, म्हणजे २० वजनं होतात. ट्रक काट्यावर चढून स्थिर व्हायलाच काही सेकंद लागतात, त्यामुळे २० वजनं गरजेपेक्षा जास्तच झाली.

पावती उशिरा निघते म्हणून बॉड रेट वाढवून मागणारे पुष्कळ असतात. उशीर तिथे होत नाही. इंडिकेटरच्या आत वजन स्थिर करणारा फिल्टर असतो, तो हलणारे आकडे सरासरीत बसवतो. त्याशिवाय बिलिंगचा प्रोग्रॅम पोर्टकडे किती वेळाने बघतो, त्याची वेगळी सेटिंग असते. ती एक सेकंदावर असेल तर तारेवर वेग कितीही वाढवा, पडद्यावरचा आकडा सेकंदानेच बदलणार.

कमी वेगाचा फायदा उघड आहे. बिट जितकं लांब, तितका मधला कडकडाट, मोटर सुरू होतानाचा धक्का, गंजलेल्या पिनेची थरथर त्यात मुरून जाते. आरएस-२३२ ची, म्हणजे या नेहमीच्या सिरियल जोडणीची, केबल १५ मीटरच्या आत ठेवावी, असा जुना नियम आहे. केबिनमधून ऑफिसपर्यंत २५–३० मीटर तार न्यायचीच असेल तर ९६०० ऐवजी २४०० वर चालवून बघा. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं.

तार आणि पिना

आकड्यांच्या मागे लागण्याआधी पाच मिनिटं तारेला द्यावी. नऊ पिनांच्या कनेक्टरवर संगणकाच्या बाजूने २ नंबरची पिन ऐकते, ३ नंबरची बोलते आणि ५ नंबर ग्राउंड असते. इंडिकेटर काढून ठेवा, केबलच्या मोकळ्या टोकाला ज्या तारा २ आणि ३ ला जातात त्या एका बारीक तारेने जोडा आणि टर्मिनल प्रोग्रॅममध्ये (पोर्टवरून येणारी अक्षरं जशीच्या तशी दाखवणारा प्रोग्रॅम) काहीही टाइप करा. टाइप केलेलं परत पडद्यावर उमटलं तर कन्व्हर्टर, संगणकातला त्याचा ड्रायव्हर (सॉफ्टवेअर) आणि केबल तिन्ही ठीक. मात्र ही चाचणी कुठल्याही वेगाला पास होते, कारण संगणक स्वतःशीच बोलत असतो. तिच्यावरून वेग बरोबर आहे असा निष्कर्ष काढू नये.

मग मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर लावा. काळी काडी ५ वर, लाल काडी आधी ३ वर. कन्व्हर्टर जोडलेला असेल आणि काही पाठवत नसेल तर उणे ५ ते उणे १२ च्या दरम्यान आकडा दिसेल. आता केबल संगणकापासून काढून इंडिकेटरला जोडा आणि मोकळ्या टोकाच्या २ वर तोच मोजमाप घ्या. तिथेही उणे आकडा आला, तर इंडिकेटर त्या तारेवर बोलतोय. सलग पाठवणारा इंडिकेटर असेल तर हा आकडा एका जागी न थांबता कमी-जास्त होत राहतो, तोच डेटा. २ वर शून्य आणि ३ वर उणे, असं झालं तर केबल उलट्या जातीची आहे: २–३ सरळ हवी तिथे क्रॉस लागली आहे किंवा क्रॉस हवी तिथे सरळ.

आकडा शोधण्याची रीत

इंडिकेटरच्या मेनूत वेग दिसत असेल तर प्रश्नच मिटला. तो वाचा, कागदावर लिहा आणि संगणकावर तोच ठेवा. मेनू उघडत नसेल तर टेरा टर्म किंवा पुटीसारख्या टर्मिनल प्रोग्रॅमने शोधावं लागतं.

पहिल्यांदा बिलिंगचा प्रोग्रॅम पूर्ण बंद करा. एक पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो. दुसऱ्याने उघडायला गेलं की परवानगी नाकारल्याचा संदेश येतो, आणि त्याला माणसं उगाच ड्रायव्हरचा दोष समजतात. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट्स या गटाखाली कन्व्हर्टरला कुठला कॉम नंबर, म्हणजे पोर्टचा क्रमांक, मिळाला ते बघा. काही कन्व्हर्टर यूएसबीच्या दुसऱ्या भोकात लावले की नंबर बदलतात. काल कॉम ३ होता, आज कॉम ५ झाला. एक भोक ठरवून त्यावर खूण करून ठेवा.

टर्मिनलमध्ये ९६००, आठ डेटा बिट, पॅरिटी (चूक पकडण्यासाठीचं जादा बिट) नाही, एक स्टॉप बिट, आणि फ्लो कंट्रोल (समोरच्याला थांब किंवा पाठव सांगण्याची सोय) बंद. शेवटची गोष्ट विसरू नका. पुटीमध्ये ते मुळात एक्सऑन-एक्सऑफवर असतं, हाताने 'नन'वर न्यावं लागतं. केबलमध्ये तीनच तारा असतील आणि प्रोग्रॅममध्ये आरटीएस-सीटीएस (वेगळ्या तारांवरून चालणारं फ्लो कंट्रोल) चालू असेल, तर इंडिकेटरकडून येणारं सगळं दिसतं पण संगणकाकडून काहीच जात नाही. मागितल्यावरच वजन देणाऱ्या इंडिकेटरवर हे मुकाट बसणं फार फसवतं.

९६०० ला वाचता आलं नाही तर ४८००, २४००, १२००, मग १९२००, ३८४०० असं जा. प्रत्येक आकड्याला दहा सेकंद पुरतात. पण सगळे आकडे आंधळेपणाने फिरवण्यापेक्षा कचऱ्याकडे नीट बघा, तो बरंच सांगतो. इंडिकेटरची प्रिंट कळ एकदाच दाबा आणि किती अक्षरं आली ते मोजा. बारा-चौदा यायला हवीत आणि तीन-चारच आली, तर संगणक कमी वेगाने ऐकतोय: समोरच्याची तीन-चार अक्षरं त्याला एकच भासतात. उलट, हवीत त्याहून जास्त अक्षरं ओतली गेली, त्यांत शून्य मूल्याचीही पुष्कळ, तर संगणक जास्त वेगाने ऐकतोय आणि समोरच्याच्या एका अक्षराचे तुकडे पाडतोय. या एका मोजणीने वर जायचं की खाली, ते ठरतं.

आणि कुठल्याच वेगाला काहीच जुळत नसेल, प्रत्येक वेळी तेवढाच सलग कचरा, तर सिग्नल उलटा आलाय. बोटीवर हे जास्त घडतं, त्याबद्दल पुढे येईलच.

अर्धेच आकडे बरोबर येतात तेव्हा

ही खूण एकदा डोक्यात बसली की आयुष्यभर पुरते. समजा वजन ३६९५० असताना पडद्यावर अगदी स्वच्छ ३६९५० येतं. पुढचा ट्रक २४१८० चा, आणि आता शेवटच्या शून्याखेरीज सगळा कचरा. वेग चुकला असता तर पहिला आकडाही आला नसता. इथे वेग बरोबर आहे, पॅरिटी चुकली आहे.

इंडिकेटर सात डेटा बिट आणि सम पॅरिटी पाठवतोय, संगणक मात्र आठ बिट, पॅरिटी नाही असं वाचतोय. सम पॅरिटीत आठवं बिट असं भरलं जातं की एकूण एकांची संख्या सम व्हावी. ०, ३, ५, ६ आणि ९ या अंकांच्या संकेतात एकांची संख्या आधीच सम असते, म्हणून आठवं बिट शून्य राहतं आणि अंक जसाच्या तसा वाचला जातो. १, २, ४, ७ आणि ८ यांच्यात ती विषम असते. तिथे आठवं बिट एक होतं आणि अक्षराचं रूपच बदलतं. बरोबर उलटं दिसलं, म्हणजे १, २, ४, ७, ८ स्वच्छ आणि बाकीचे बिघडलेले, तर समोर विषम पॅरिटी आहे. दोन्हींत उपाय एकच: संगणकावर डेटा बिट सात करा आणि पॅरिटी त्याप्रमाणे सम किंवा विषम ठेवा. वेगाला हात लावू नका.

विंडोजमध्ये बदल कुठे करायचा

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या प्रॉपर्टीज उघडल्या की पोर्ट सेटिंग्जमध्ये बिट्स पर सेकंद अशी ओळ दिसते. तिथे २४०० निवडून ओके केलं आणि तरी काही बदललं नाही, ही नेहमीची तक्रार. कारण तो आकडा फक्त पोर्टचा मूळ आकडा आहे. पोर्ट उघडणारा प्रोग्रॅम स्वतःचा वेग सांगतो आणि तोच चालतो. म्हणून बदल बिलिंगच्या प्रोग्रॅमच्या आत, कॉम पोर्ट किंवा वेइंग स्केल अशा नावाच्या पानावर करायचा. बदलल्यावर प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. पुष्कळ प्रोग्रॅम पोर्ट फक्त सुरू होतानाच उघडतात.

आणखी एक जागा बघून ठेवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण असते, ती काढून टाका. दुपारी तासभर गाडी आली नाही आणि त्यानंतर पहिलं वजनच येत नाही, यामागे हे असू शकतं. लिनक्सवर पोर्ट उघडत नसेल तर वापरकर्ता डायलआउट गटात आहे का ते तपासा.

इंडिकेटरच्या बाजूने बदलताना

व्यापारी काट्याच्या इंडिकेटरवर वैधमापन खात्याचं सील असतं. काही यंत्रांत बॉड रेटचा मेनू साध्या कळांनी उघडतो, काहींत तो कॅलिब्रेशनच्याच मेनूत, सीलच्या आतल्या जंपरमागे दडलेला असतो. दुसऱ्या प्रकारात सील फोडू नका. सील तुटलेला काटा व्यवहाराला चालत नाही, तो पुन्हा पडताळून घ्यावा लागतो. संगणकाचा वेग बदलायला दोन मिनिटं लागतात आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही. म्हणून नियम असा धरावा: इंडिकेटर आहे तसा राहू द्या, संगणकाला त्याच्याप्रमाणे वळवा.

मेनू मोकळा असेल आणि खरंच बदलायचं असेल तर क्रम पाळा. जुने आकडे लिहून ठेवा. आधी समोरच्या यंत्राचा वेग बदला. त्या क्षणी जोडणी तुटेल, घाबरू नका. मग संगणकाचा वेग बदला आणि वाचता येतंय का ते बघा. त्यानंतरच समोरच्या यंत्रात नवा आकडा कायम करा आणि शेवटी त्याची वीज एकदा बंद-चालू करून खात्री करा. कायम करायचा राहिला तर लाइट जाऊन आली की यंत्र जुन्या वेगावर परततं. आपल्याकडे पावसात लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको. कॅलिब्रेशन, झिरो, स्पॅन असे शब्द दिसले की तिथून मागे फिरा.

कचऱ्यापेक्षा धोकादायक: खरं वाटणारं खोटं वजन

कचरा दिसला तर माणूस थांबतो. २४५६० च्या जागी ४५६० आलं आणि घाईत पावती फाटली, तर कोणाचं तरी खरोखरचं नुकसान होतं. काट्यावर हीच भीती सगळ्यात मोठी आहे, म्हणून यावर वेळ घालवावा.

पुष्कळ इंडिकेटर वजनासोबत तपासणीची बेरीज, म्हणजे अक्षरं शाबूत पोचली का ते कळवणारा आकडा, पाठवत नाहीत. सुरुवातीला मूल्य २ चं, न दिसणारं खुणेचं अक्षर, मग चिन्ह, मग वजनाचे अंक, शेवटी मूल्य ३ किंवा १३ चं अक्षर, एवढंच असतं. मधला एक अंक गळला तर उरलेले अंकही वजनासारखेच दिसतात. गळण्याची कारणं दोन. एक, वेग जेमतेम जुळलेला असणं किंवा पिना गंजलेल्या असणं. दोन, संगणक दुसऱ्या कामात अडकलेला असणं. जुन्या १६५५० जातीच्या पोर्टमध्ये १६ अक्षरांचीच साठवण असते. ९६०० ला ती सुमारे १७ मिलिसेकंदांत भरते, १,१५,२०० ला दीड मिलिसेकंदाच्या आत. संगणक तेवढ्यात वळला नाही तर पुढची अक्षरं गेलीच. वेग विनाकारण वाढवू नये, याचं हे दुसरं कारण.

प्रोग्रॅममध्ये वजन कितव्या अक्षरापासून सुरू होतं आणि किती अंकांचं, हे भरायची जागा असते. तिथे सुरुवातीचं आणि शेवटचं अक्षरही भरता येत असेल तर भराच. दोन्ही खुणा आणि मधली अक्षरं बरोबर तेवढीच असतील तरच वजन धरायचं, नाहीतर ते टाकून पुढचं घ्यायचं. सेकंदाला वीस वजनं येत असताना एक टाकल्याने काही अडत नाही. लागोपाठ तीन वेळा तोच आकडा आल्यावरच पावती काढायची, अशी सोय असेल तर तीही चालू ठेवा.

तपासणी रिकाम्या काट्यावर करू नका. शून्यात सगळे अंक सारखे असतात, एक गळला तरी कळत नाही. वेगवेगळे अंक असलेलं वजन उभं करा आणि इंडिकेटर आणि पडदा शेजारी ठेवून टर्मिनलमध्ये शंभर ओळी वाचा. शंभरपैकी एक ओळ जरी तुटकी असली तरी काम झालेलं नाही.

बोटीवर: ४८०० आणि ३८४००

बोटीवरच्या यंत्रांची भाषा एनएमईए ०१८३. तिथे मूळ वेग ४८०० ठरलेला आहे, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. एआयएसला (जहाजांची ओळख आणि जागा कळवणारी यंत्रणा) मात्र ३८४००, कारण आसपासच्या सगळ्या जहाजांची माहिती ४८०० मध्ये मावत नाही. इथे एका ओळीत जास्तीत जास्त ८२ अक्षरं आणि शेवटी तपासणीची बेरीज असते, त्यामुळे खराब ओळ प्रोग्रॅम आपोआप टाकून देतो. काट्यावरचा धोका इथे कमी.

इथला धोका वेगळा आहे. ४८०० ला सेकंदाला ४८० अक्षरं, म्हणजे पूर्ण लांबीच्या जेमतेम सहा ओळी. जीपीएस आणि एआयएस एकत्र करणारा मल्टिप्लेक्सर लावला आणि त्याची बाहेरची बाजू चुकून ४८०० वर राहिली, तर ओळी आत साठत जातात आणि एकेक करून उशिरा बाहेर पडतात. लॅपटॉपवर बोट दिसते, पण ती थोड्या वेळापूर्वीच्या जागी. भर समुद्रात ते लक्षात येत नाही. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा टाळून आत शिरताना मात्र जीवावर बेतू शकतं. मल्टिप्लेक्सरची बाहेरची बाजू आणि लॅपटॉप दोन्ही ३८४०० वर ठेवा, जीपीएसची बाजू ४८०० च राहू द्या. मग जीपीएसच्या पडद्यावरची वेळ आणि लॅपटॉपवरच्या ओळीतली वेळ सेकंदाला सेकंद ताडून बघा. जीपीएसच्या ओळीतली वेळ जागतिक असते, आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे, हे लक्षात ठेवून.

काही सेटना डेटा आउट आणि ग्राउंड अशा दोन तारा असतात. त्या कनेक्टरच्या २ आणि ५ ला जातात. काहींना ए आणि बी अशी जोडी असते. तिच्यासाठी आरएस-४२२ चा, म्हणजे तारांच्या जोडीवर चालणारा, कन्व्हर्टर घ्यावा. ए-बी उलटे लागले की सिग्नल उलटा होतो आणि वर सांगितलेला, कुठल्याही वेगाला न सुटणारा कचरा दिसतो. दोन तारांची अदलाबदल केली की तो क्षणात जातो.

एका तारेवर अनेक कंट्रोलर

बर्फाच्या कारखान्यात किंवा कोल्ड स्टोरेजमध्ये आरएस-४८५ च्या एकाच जोडीवर सगळे कंट्रोलर टांगलेले असतात. तिथे सगळ्यांचा वेग आणि पॅरिटी एकच हवी. नवा कंट्रोलर लावला आणि तो एकटाच गप्प असेल तर त्याचा पत्ता आणि वेग बघा. वीस कंट्रोलर, प्रत्येकाला ९६०० वर एक प्रश्न आणि दहा आकड्यांचं उत्तर, तर तारेवरचा वेळ प्रत्येकी ३५–४० मिलिसेकंद. सगळी फेरी एक-दोन सेकंदांत आटोपते. खोलीचं तापमान मिनिटांनी बदलतं, मग १९२०० चा हट्ट कशाला? तारेच्या दोन टोकांना, आणि फक्त टोकांनाच, १२० ओहमचे रेझिस्टर हवेत. सगळं बंद करून ए-बी मध्ये मोजलं की ६० च्या आसपास यायला हवं. ४० आलं तर कोणीतरी मध्ये तिसरा लावलाय.

वेग खरोखर वाढवावा लागतो तेव्हा

डेटा लॉगरमधली महिन्याभराची नोंद उतरवायची असेल तर मात्र वेग कामाचा. दहा लाख अक्षरांना ९६०० वर सतरा मिनिटं लागतात, १,१५,२०० वर दीड मिनिट. प्रत्यक्षात दीड मिनिटात होत नाही, कारण बरेचसे लॉगर थोडं पाठवून पोच मिळेपर्यंत थांबतात. १३२ अक्षरांचा तुकडा १,१५,२०० वर साडेअकरा मिलिसेकंदांत जातो, आणि यूएसबी कन्व्हर्टर आलेली अक्षरं पुढे ढकलण्याआधी १६ मिलिसेकंदांपर्यंत धरून ठेवू शकतो. एफटीडीआय कंपनीच्या चिपवर हा थांबा पोर्ट सेटिंग्जच्या अॅडव्हान्स्ड पानावर लेटन्सी टायमर नावाने दिसतो. तो १६ वरून १ वर आणा. बॉड रेट दुप्पट करण्यापेक्षा याने जास्त फरक पडतो. केबल दीड-दोन मीटरचीच ठेवा आणि काम झालं की वेग पुन्हा खाली आणा.

खारा वारा आणि आगोट

किनाऱ्यावर आज जुळलेला वेग सहा महिन्यांनी बिघडल्यासारखा वाटतो, पण आकडा कधी आपोआप बदलत नाही. पिनांवर हिरवट थर चढतो, जोड अधूनमधून सुटतो, आणि पडद्यावर तो वेग चुकल्यासारखाच दिसतो. फरक ओळखायची खूण: वेग चुकला तर प्रत्येक ओळ खराब येते, पिन गंजली तर काही ओळी स्वच्छ आणि काही तुटक्या. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कोरड्या होऊ द्या आणि कनेक्टर स्क्रूने आवळा. नुसता खोचून ठेवलेला कनेक्टर काट्याच्या हादऱ्याने सैल होतो. बोटीचे जोड १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत, बोट वर ओढलेली असताना उघडून बघावेत.

वीज कडाडू लागली, मग ती आगोटीची असो की परतीच्या पावसाची, तर उघड्यावरून गेलेली सिरियल केबल दोन्ही टोकांना काढून ठेवा. जांभ्याच्या कातळावर अर्थिंग नीट लागत नाही, आणि लांब केबलवरून आलेला झटका पहिल्यांदा कन्व्हर्टर घेतो, मग संगणक. केबल कायम लावलेलीच ठेवायची असेल तर ऑप्टो-आयसोलेटर (दोन बाजूंत विजेची जोड न ठेवता प्रकाशाने सिग्नल नेणारा भाग) असलेला कन्व्हर्टर घ्या. केबलची जाळी एकाच टोकाला अर्थ करा.

सगळं जुळलं की कॉम नंबर, वेग, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट, वजन कितव्या अक्षरापासून सुरू होतं ते आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून इंडिकेटरच्या मागे चिकटवा. शिसपेन्सिलने लिहा आणि वरून चिकटपट्टी लावा. शाई श्रावणापर्यंत पसरून जाते.